पोराच्या खेळाचे पैसे जातात कुठे?

परवा बचत गटात एकीने विचारलं, "ताई, पोरगं माझ्या मोबाइलवरून व्हॅलोरंटमधल्या बंदुकीच्या रंगाला पैसे भरतं. ते जातात कुठे?" जातात लॉस एंजेलिसच्या रायट गेम्सकडे, तिची मालक चीनची टेन्सेन्ट. पण याच रायटमधल्या बायकांनी २०१८ मध्ये कमी पगार आणि छळ यांविरुद्ध दावा लावला होता. कंपनी १ कोटी डॉलरवर मिटवायला निघाली. कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्यांनी हरकत घेतली, तेव्हा २०२१च्या डिसेंबरात १० कोटी कबूल केले. दहापट! हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे भरपाईही आमच्यासारख्यांच्याच पैशातून?" मला पटकन उत्तर सुचेना. खेळ बंद कर, असं काही मी म्हटलं नाही. पुढच्या बैठकीला पोराला घेऊन ये म्हटलं.