गलाईचा धूर आणि आपले आरोग्य

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरोग्यावर व्याख्यान म्हटले की मधुमेह, रक्तदाब, आहार-विहार हे विषय ठरलेले असतात. आज मी ते बाजूला ठेवून, ज्या धंद्यावर इथल्या बऱ्याच घरांच्या चुली पेटतात त्या गलाईच्या धंद्याविषयी आणि त्यातून शरीराला होणाऱ्या अपायाविषयी बोलणार आहे. गलाईशी संबंध नसलेली मंडळीही समोर बसली आहेत. त्यांनीही हे ऐकावे, कारण गल्लीतला धूर सगळ्यांच्याच खिडकीतून आत येतो.

काशीत मराठी माणूस दोन वाटांनी आला. पहिली वाट विद्येची आणि तीर्थाची. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगेच्या परिसरात शास्त्री-वैदिकांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभे केले, हे आपण अभिमानाने सांगतो. दुसरी वाट पोटाची. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ हा दुष्काळी पट्टा. पाऊस हुलकावणी द्यायचा, शेतीत भागायचे नाही. तिथली माणसे सोने-चांदी गाळण्याचे कसब शिकून देशभरच्या सराफ बाजारांत पोहोचली आणि काशीत चौक, ठठेरी बाजार या भागात स्थिरावली. सराफ डोळे झाकून आपल्या हातात सोने देतो, हा विश्वास आपल्या वडीलधाऱ्यांनी कमावलेला आहे. ज्या शरीराच्या जोरावर तो कमावला, त्या शरीराचा हिशेब मात्र कुणी ठेवला नाही.

असा हिशेब ठेवण्याचे एक शास्त्र आहे. इटलीतील मोडेना येथील वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. पाऱ्याने मुलामा देणाऱ्या कारागिरांचे हात कसे कापतात, हे त्यात आहे. रोग्याला जे प्रश्न विचारायचे त्यांत ‘तुझा धंदा कोणता?’ या प्रश्नाची भर घाला, असे त्यांनी वैद्यांना सांगितले. तीनशे वर्षांनंतरही हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जातोच असे नाही, आणि आपणही तो आपण होऊन सांगत नाही.

विचारून आणि मोजून काय हाती लागते, याचे उदाहरण काशीतलेच आहे. गंगाकाठच्या कुटुंबांची पाहणी करून काही संशोधकांनी २००६ साली एक निबंध प्रसिद्ध केला. कोण नदीत आंघोळ करतो, कोण कपडे धुतो, भांडी कुठे घासली जातात, घरात कोण आजारी पडले, असे साधे प्रश्न त्यांनी घरोघर विचारले. नदीत आंघोळ करणाऱ्या किंवा कपडे धुणाऱ्या कुटुंबांत पटकीचे ३३ रुग्ण निघाले. नदीचा असा वापर न करणाऱ्या कुटुंबांत एकही नाही. घरात शौचालय व सांडपाण्याची सोय नसणे, गरिबी आणि अल्पशिक्षण यांचाही आजाराशी संबंध दिसला. श्रद्धेवर टीका न करता, नुसते मोजून हे कळले. आपल्या धंद्याचेही असेच मोजमाप व्हायला हवे.

आता आपल्या दुकानात येऊ. पहिला विषय तेजाबाचा. सोने शुद्ध करताना त्यात चांदी मिसळून नायट्रिक ॲसिडमध्ये टाकतात. चांदी-तांबे विरघळते, सोने खाली राहते. त्या वेळी उठणारा तांबूस तपकिरी धूर म्हणजे नायट्रोजन डायऑक्साइड. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून खाली बसलेल्या माणसाच्या तोंडाशी रेंगाळतो. तो पाण्यात हळू विरघळतो, त्यामुळे नाका-घशात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. सुरुवातीला थोडा खोकला, थोडी जळजळ. माणूस बाहेर जाऊन चहा पितो आणि पुन्हा कामाला बसतो. पण धूर जास्त गेला असेल तर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसात पाणी भरते आणि धाप लागते. म्हणून असा धूर एकदम छातीत गेला तर ‘आता बरे वाटते’ यावर विसंबू नका. त्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि ‘नायट्रिक ॲसिडचा धूर गेला आहे’ असे स्पष्ट सांगा. तोंडाला बांधलेला ओला गमछा हा वायू अडवत नाही. रोज थोडा थोडा धूर घेत राहिले तर जुनाट खोकला आणि दमा मागे लागतो.

दुसरा विषय शिशाचा. जुन्या पद्धतीने चांदी शुद्ध करताना आणि भट्टीवर टंच काढताना शिसे लागते. ते सुमारे ३२७ अंशांना वितळते. टंचाची भट्टी हजार अंशांच्या आसपास असते. शिशाचा काही भाग धुराबरोबर वर जातो आणि बारीक धूळ होऊन भिंतीवर, कपड्यांवर, केसांत, पाण्याच्या माठावर बसतो. शिशाला वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, रक्त कमी होणे, मनगटात अशक्तपणा, वाढता रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास अशा वाटांनी ते वर्षांनंतर दिसते. शरीरातले बहुतेक शिसे हाडांत साठते आणि तिथे दशकानुदशके राहते. गरोदरपणात ते हाडांतून रक्तात उतरते आणि पोटातल्या बाळापर्यंत पोहोचते.

माता-भगिनींनी इथे विशेष लक्ष द्यावे. तेवढ्याच शिशातून लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शिसे शोषून घेते. मूल जमिनीवर रांगते, हात तोंडात घालते. त्याच्या मेंदूची वाढ चालू असते. शिशाने बुद्धी आणि एकाग्रता यांची हानी होते आणि ती भरून निघत नाही. शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणून ठाऊक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्ताच्या एका डेसिलिटरमध्ये ५ मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले, तर ते कुठून येते हे शोधून काढावे, असे तिचे २०२१ चे मार्गदर्शन आहे. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे या पातळीच्या वर असलेली जगातील मुले सुमारे ८० कोटी, त्यांपैकी साडेसत्तावीस कोटींच्या आसपास भारतातील. नायजेरियातील झामफारा प्रांतात २०१० साली उघडकीस आलेली घटना तर सोन्याच्याच कामातली. तिथे लोक शिसे असलेले सोन्याचे खनिज घराच्या अंगणात दळत होते. काही महिन्यांत किमान ४०० मुले दगावली. आपले काम वेगळे आहे, प्रमाणही वेगळे आहे. पण घर आणि कारखाना एकच असला की पहिला घाव मुलावर बसतो, हे त्यातून शिकावे.

तिसरा विषय कॅडमियमचा. केडीएमचे दागिने आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या डागात कॅडमियम असे. नव्या कामात ते मागे पडले, पण जुने दागिने आज मोडीत येतात ते आपल्याच मुशीत. कॅडमियम ७६७ अंशांना उकळते आणि सोने वितळायला १०६४ अंश लागतात. म्हणजे सोने पातळ होण्याआधीच कॅडमियमची वाफ होऊन हवेत गेलेली असते. ती छातीत गेली की काही तासांनी ताप, अंगदुखी, खोकला येतो. लोक हवा बदलली म्हणून सोडून देतात. पुढे फुप्फुसाला सूज येऊ शकते, मूत्रपिंड बिघडते, आणि कॅडमियमने कर्करोग होतो हेही सिद्ध झालेले आहे. मोडीचे सोने गाळताना मुशीवर वाकून बघण्याची सवय म्हणूनच घातक.

काम झाल्यावर उरलेले निळे-हिरवे पाणी, म्हणजे तांबे विरघळलेले तेजाब, नाल्यात सोडले तर ते शेवटी गंगेकडेच जाणार. ज्या गंगेसाठी आपले पूर्वज इथे आले तिच्यात ते सोडायचे का, याचा विचार आपणच करावा.

आता तुमच्यापैकी कुणाच्या तरी मनात आले असेल, की आमच्या आजोबांनी, वडिलांनी आयुष्यभर हेच केले, त्यांना काही झाले नाही. हा प्रश्न रास्त आहे. पण दुकानात आपल्याला दिसतात ती टिकलेली माणसे. ज्याची छाती भरली, ज्याचे हात चालेनात, तो गावी परत गेला. तिथल्या दवाखान्यात त्याच्या कागदावर ‘दमा’ किंवा ‘क्षयाचा संशय’ एवढेच लिहिले गेले; तो काशीत वीस वर्षे भट्टीवर बसला होता, हे कुणी विचारले नाही. काशीत त्याचा आजार नोंदला गेला नाही आणि गावात त्याचा धंदा नोंदला गेला नाही. अशा रीतीने आपला रोग दोन जिल्ह्यांच्या मध्ये हरवतो, आणि ‘काही होत नाही’ हा समज पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

सरकारदरबारीही तेच. शिशाची आणि नायट्रस धुराची विषबाधा हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात नोंद करण्याजोगे रोग होते. पण तो कायदा विजेवर चालणाऱ्या कामात १० आणि विजेविना २० कामगार असल्यासच लागू होई. २०२० च्या संहितेत ही संख्या २० आणि ४० झाली. आपल्या दुकानात मालक, भाऊ आणि गावाकडून आणलेली दोन पोरे. म्हणून तपासनीस येत नाही, आणि तो येत नाही याचे आपल्याला बरेही वाटते. दुकान बंद पाडतील, शेजारी तक्रार करतील ही भीती मी समजू शकतो. पण तक्रार होऊन दुसऱ्याने सुधारणा लादण्यापेक्षा आपण होऊन केलेली सुधारणा स्वस्त पडते.

काय करावे, ते थोडक्यात सांगतो. तेजाबाचे काम बंदिस्त कपाटात करावे. धूर माणसाच्या तोंडासमोरून न जाता मागे ओढला जावा आणि कॉस्टिकच्या पाण्यातून धुऊन छताच्या वर सोडावा. नुसता पंखा लावला तर धूर खोलीभर पसरतो. भट्टीच्या खोलीत जेवण नको, झोपणे नको, पिण्याचे पाणी नको. थंडीत दारे लावून कोळशाची भट्टी पेटवून झोपणे म्हणजे जिवाशी खेळ. तेजाब पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. अंगावर उडाले तर लगेच पंधरा-वीस मिनिटे वाहते पाणी सोडावे.

कामाचे कपडे वेगळे असावेत आणि ते घरच्या कपड्यांत धुऊ नयेत. हात, तोंड, केस धुतल्याशिवाय मुलाला उचलू नये. कोरडा झाडू बंद करावा. आपल्या धुळीत सोने असते म्हणून आपण ती जपून झाडतो, हे मला ठाऊक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके एकाच बादलीत धुवा. गाळ तळाशी बसतो, सोने जात नाही आणि धूळही उडत नाही. गूळ खाल्ला, दूध प्याले की विष उतरते हा समज सोडावा. लोह आणि कॅल्शियम असलेल्या आहाराने शिसे कमी शोषले जाते, हे खरे. पण आत गेलेले शिसे गुळाने निघत नाही.

शेवटची विनंती समितीला. दरवर्षी आपण रक्तदान शिबिर घेऊ शकतो, तर रक्तातील शिशाच्या तपासणीचे शिबिर का घेऊ नये? नेहमीच्या रक्त तपासणीत शिसे दिसत नाही. ती चाचणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते. कारागीर, गरोदर स्त्रिया आणि सहा वर्षांखालील मुले यांच्यापासून सुरुवात करावी. काशी हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेत सामुदायिक आरोग्याचा विभाग आहे. त्यांच्याकडे आपण रीतसर अर्ज घेऊन जाऊ. समितीने एक वही ठेवावी. वय, कामाची वर्षे, कोणते काम, कोणता त्रास, तपासणीचा आकडा एवढेच त्यात असावे. नावे गुप्त ठेवावीत आणि मालक-नोकर हा भेद नसावा. जो माणूस आजारी पडून गावी जाईल, त्याच्या हाती त्याच्या कामाची चिठ्ठी द्यावी, म्हणजे विट्याच्या डॉक्टरला तो काय काम करत होता हे कळेल. इतर शहरांतल्या गलाई बांधवांनीही अशीच वही ठेवली, तर पाच-दहा वर्षांत आपल्या धंद्याचे खरे चित्र देशापुढे येईल.

सोन्याचा टंच काढल्याशिवाय आपण पावती देत नाही. तीच काटेकोर नजर आपण आता आपल्या माणसांच्या आरोग्याकडे वळवावी. विघ्नहर्ता आपल्याला त्यासाठी सद्‌बुद्धी आणि बळ देवो, एवढी प्रार्थना करून मी माझे दोन शब्द संपवतो.

गणपती बाप्पा मोरया!