बाबागाडीतून पाहिलेला जपान

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी एकच अट घातली, "कॉम्प्युटरवर बोलायचं नाही." मग कशावर बोलू, असं विचारल्यावर म्हणाले, "तू जपानला होतीस ना? त्यावर बोल. पण बुलेट ट्रेन, चेरीची फुलं आणि जपानी शिस्त आम्ही पुष्कळ ऐकली आहे." तेव्हा मी आज ज्या जपानबद्दल सांगणार आहे, तो कडेवर एक मूल आणि बोटाला दुसरं धरून पाहिलेला आहे. तिथली देवळं मी निम्मीच पाहिली असतील, पण लिफ्ट, न्हाणीघरं आणि मुलांना दूध पाजायच्या खोल्या यांवर मी अधिकाराने बोलू शकते.

2016 मध्ये कंपनीने मला दोन वर्षांसाठी तोक्योला पाठवायचं ठरवलं, तेव्हा मुलगी पाच वर्षांची आणि मुलगा दहा महिन्यांचा होता. नवऱ्याने नोकरी सोडून बरोबर यायचं आणि तिथे घर सांभाळायचं असं आम्ही ठरवलं. त्यावर नातेवाइकांत काय काय बोललं गेलं, ते तुम्हाला सांगायला नको. सासूबाईंनी मात्र एकच व्यवहारी प्रश्न विचारला, "अगं, त्या पोराला तिथे खायला काय घालणार?"

या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच आठवड्यात सापडलं. जपानी बाळाचं पहिलं अन्न म्हणजे ओकायु. ओकायु म्हणजे आपला मऊ भात, फक्त मेतकूट आणि तूप नाही. कुठल्याही मोठ्या औषधाच्या दुकानात बाळांच्या खाण्याची पाकिटं मिळतात आणि त्यावर ठळक आकडा असतो: 5, 7, 9, 12. तो आकडा म्हणजे बाळाचं महिन्यांतलं वय. भात किती मऊ, भाजीचा तुकडा किती मोठा, हे त्या आकड्यावर ठरतं. जपानी वाचता न येणाऱ्या बापालाही आकडा वाचता येतो, त्यामुळे आमच्याकडे ते खातं नवऱ्याने घेतलं.

शाकाहारी मंडळींना मात्र इथेच सावध करते. तिथल्या बहुतेक सुपांत, नूडल्सच्या रश्श्यात आणि भाज्यांतही 'दाशी' असतं, आणि ते बहुधा सुकवलेल्या माशापासून केलेलं असतं. दिसायला भाजीच असते, पण पाण्यात मासा उतरलेला असतो. आम्ही राहात होतो त्या निशी-कासाई भागात भारतीय वस्ती मोठी असल्याने डाळ-तांदूळ, पीठ, मसाले सगळं मिळायचं. फिरायला निघताना मी दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या करून घ्यायची. मुलांचा आवडता जपानी पदार्थ म्हणजे 'आन'. लाल घेवड्यासारख्या आझुकी कडधान्याचं हे गोड सारण, म्हणजे आपल्या पुरणाचा चुलतभाऊ. ते भरलेला पाव म्हणजे आनपान. तिथल्या प्रत्येक लहान मुलाचा लाडका नायक आनपानमान याचं डोकंच त्या पावाचं आहे. कोणी भुकेलं भेटलं की तो स्वतःच्या डोक्याचा तुकडा मोडून देतो. युद्धकाळातली भूक अनुभवलेल्या ताकाशी यानासे यांनी हा नायक निर्माण केला. शत्रूला लोळवण्याआधी भुकेल्याला खाऊ घालणारा वीर मला फार आवडला.

हॉटेलात मुलांसाठी 'ओकोसामा लंच' नावाचं वेगळं ताट असतं. तोक्योतल्या मित्सुकोशी या मोठ्या दुकानाच्या उपाहारगृहात 1930 मध्ये ते सुरू झालं. त्यात भाताची मूद असते आणि मुदीवर छोटा झेंडा रोवलेला असतो. आतले पदार्थ बहुधा मांसाहारी असल्याने आम्ही ते मागवायचो नाही. पण एकदा वाढणाऱ्या काकूंनी आमच्या साध्या भातावर दोन झेंडे आणून रोवले आणि मुलीने तो भात शेवटच्या शितापर्यंत संपवला.

आता प्रवासाकडे वळते. सहा वर्षांखालच्या मुलांना जपान रेल्वेत वेगळी जागा घेतली नाही तर तिकीट लागत नाही. एका मोठ्या माणसाबरोबर अशी दोन मुलं नेता येतात. सहा ते अकरा वयाला अर्धं तिकीट. क्योतोला जाणाऱ्या शिन्कान्सेनमध्ये अकराव्या डब्यात एक छोटी बंद खोली असते. ती मुळात अपंग आणि आजारी प्रवाशांसाठी आहे. पण रिकामी असेल आणि बाळाला पाजायचं असेल, तर कंडक्टर ती उघडून देतो. म्हणून आम्ही तिकीट काढताना अकराव्याच्या आसपासचा डबा मागायचो.

स्टेशनांवर बाबागाडी कशी चढवायची, हे मला सगळ्यात मोठं संकट वाटलं होतं. प्रत्यक्षात जवळजवळ सगळ्या मोठ्या स्टेशनांवर लिफ्ट निघाली. तिथला सार्वजनिक वाहतुकीतले अडथळे दूर करण्याचा कायदा 2000 सालचा. 2006 मध्ये त्यात इमारतीही आल्या. तो वृद्धांसाठी आणि अपंगांसाठी केला होता. चाकाच्या खुर्चीसाठी काढलेला उतार बाबागाडीलाही चालतो, इतकं हे सरळ आहे. 2014 मध्ये सरकारने बाबागाडीचं वेगळं चिन्ह ठरवलं आणि गाडीत ती न मिटता नेता येते हे सांगितलं. मात्र लिफ्ट बहुधा फलाटाच्या पार एका टोकाला असते. त्यामुळे गाडी बदलायला नकाशात पाच मिनिटं दिसली तर मुलांबरोबर पंधरा धरा. सकाळी साडेसात ते साडेनऊ या वेळात तर बाबागाडी घेऊन तोक्योच्या लोकलमध्ये चढूच नका. दादरला चढणाऱ्या माणसालाही तिथे घाम फुटेल.

देवळांत बाबागाडीचा उपयोग कमी. आवारात जाड खडी पसरलेली असते, चाकं रुततात आणि पायऱ्याही पुष्कळ असतात. तिथे बाळाला अंगाशी बांधायची झोळीच बरी. नाराच्या तोदाई-जी मंदिरात आम्ही असेच गेलो. तिथल्या भव्य बुद्धमूर्तीचे नेत्र 752 साली बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने रंगवून उघडले. त्याच्या कुंचल्याला लांब दोर बांधला होता आणि जमलेल्या लोकांनी तो धरला होता, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना मिळावं. इतिहासाच्या सरांना हे आवडेल म्हणून मुद्दाम सांगितलं. माझ्या मुलीला मात्र तिथला खांब आवडला. त्या खांबाच्या बुंध्याला बुद्धाच्या नाकपुडीएवढं भोक आहे आणि त्यातून मुलं सरपटत पलीकडे जातात. ती तीनदा गेली. तिच्या मागे उभे असलेले परदेशी काका अडकले, त्यांना चौघांनी ओढून काढलं.

आता ज्या खोल्यांचा मी सुरुवातीला उल्लेख केला त्यांच्याकडे येते. मोठ्या दुकानांत आणि बऱ्याच स्टेशनांवर 'जुन्यूशित्सु' असते, म्हणजे दूध पाजायची खोली. पडदे लावलेल्या छोट्या कप्प्यांत खुर्ची असते. बाहेरच्या बाजूला लंगोट बदलायचं टेबल, बेसिन आणि बऱ्याच ठिकाणी दुधाची पावडर कालवायला योग्य अशा गरम पाण्याचा नळ असतो. पडद्याआड पुरुषांना प्रवेश नाही, पण बाहेरच्या भागात बापही येऊन बाळाला बाटलीने पाजू शकतो. बऱ्याच नव्या इमारतींत पुरुषांच्या न्हाणीघरातही लंगोट बदलायची फळी असते. आमच्या घरात मुलाला दिवसभर सांभाळणारा बाप होता, म्हणून या फळीचं महत्त्व मला कळलं. ती नसती तर माझा नवरा मुलाला घेऊन घराबाहेर किती वेळ राहू शकला असता? आणखी एक गोष्ट म्हणजे महिलांच्या संडासात भिंतीच्या कोपऱ्यात बाळाला बसवायची छोटी खुर्ची असते. एकटी आई बाळाला घेऊन प्रवासाला निघाली की स्वतः संडासला जायचं तर बाळ कुणाकडे द्यायचं? हा प्रश्न कुणीतरी विचारला आणि भिंतीवर खुर्ची ठोकली.

एक गैरसोय सांगते. रस्त्यात कचराकुंड्या जवळजवळ नाहीत. 1995 मध्ये तोक्योच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाला, त्यानंतर बऱ्याच ठिकाणच्या कुंड्या काढल्या गेल्या. वापरलेले डायपर पिशवीत बांधून घरी किंवा हॉटेलवर परत न्यायचे असतात. घट्ट तोंडाच्या पिशव्या भरपूर ठेवा.

भूकंपाचंही लक्षात ठेवावं लागतं. गाड्या तासन्‌तास थांबू शकतात, म्हणून एका दिवसाचं दूध, लंगोट आणि पाणी कायम पाठीवर हवं. आम्ही पोचलो त्याच वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, कुमामोतोला मोठा भूकंप झाला होता. पावडर कालवायला स्वच्छ गरम पाणी नाही, तेव्हा फिनलंडहून बाळांचं तयार पातळ दूध तिथे मदत म्हणून आलं. जपानमध्ये असं दूध बनवून विकायला तोवर मान्यताच नव्हती. 2018 मध्ये नियम बदलले आणि 2019 पासून ते दुकानांत मिळू लागलं. 2023 मध्ये आम्ही पुन्हा फिरायला गेलो, तेव्हा औषधाच्या दुकानात ते डबे दिसले. माझा मुलगा तोवर साडेसात वर्षांचा झाला होता, तरी मी एक डबा हातात घेऊन नीट पाहिला.

इतकं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, जपान म्हणजे आईचं माहेरच. तसं नाही.

लोकलच्या डब्यात कमालीची शांतता असते. तिथे तुमचं बाळ रडायला लागलं की कोणी काही म्हणत नाही, पण कोणी बघतही नाही. आपल्या एसटीत बाळ रडलं तर चार बायका हात पुढे करतात, "दे गं इकडे, दृष्ट लागली असेल." दोन सल्ले नको असतील तरी मिळतात. तिथे आई एकटी उठून दाराशी जाऊन उभी राहते आणि "सुमिमासेन, सुमिमासेन" अशी माफी मागत राहते. 2016 मध्येच तिथे एक मोहीम सुरू झाली. 'रडलास तरी चालेल' अशा अर्थाचं स्टिकर लोकांनी आपल्या फोनवर लावायचं, म्हणजे समोरच्या आईला धीर येतो. स्टिकर छापून सांगावं लागतं, यावरून ओळखा. एकट्याने मूल वाढवण्याला तिथे 'वान-ओपे इकुजी' असा शब्द रूढ झाला आहे. दुकान रात्री एकच नोकर चालवतो, त्या पद्धतीवरून तो आला. आमच्या शेजारची बाई मला म्हणाली होती, "तुझा नवरा दिवसा बागेत दिसतो, याचा मला हेवा वाटतो." 1973 मध्ये जपानमध्ये सुमारे 20 लाख 90 हजार मुलं जन्मली होती. 2024 मध्ये हा आकडा 6 लाख 86 हजारांवर आला. कारणं अनेक आहेत, मी त्यातली तज्ज्ञ नाही. पण भिंतीवर खुर्ची ठोकली म्हणून हातभार लावणारी माणसं आपोआप येत नाहीत, एवढं मला दिसलं.

आपल्याकडे उलट आहे. हात भरपूर आहेत आणि खुर्ची नाही. मुलाला दोन्ही लागतं.

जपानहून आणलेली एक सवय आमच्या मुलीला बराच काळ होती. तिथे मुलांना रस्ता ओलांडताना हात उंच करायला शिकवतात, म्हणजे गाडीवाल्याला मूल दिसतं. परत आल्यावर तिने आपल्या चौकात हात वर केला. एक रिक्षावाला लगेच येऊन थांबला आणि म्हणाला, "कुठे जायचंय, ताई?" गाडी थांबली, एवढं खरं.

शेवटी मुद्द्याचं बोलते. आज सकाळी मेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यावं याची चर्चा झाली. प्रोजेक्टर, पुस्तकं, कमान अशा सूचना आल्या. माझी सूचना एका खोलीची आहे. जिन्याखालची जुनी सामानाची खोली रिकामी होणार आहे, असं मुख्याध्यापकांनीच सांगितलं. तिला आतून कडी, एक हाताची खुर्ची, बेसिन, पंखा आणि कमरेइतक्या उंचीची एक फळी एवढं केलं, तरी पालकसभेला तान्हं मूल घेऊन येणाऱ्या आईला व्हरांड्यात आडोसा शोधावा लागणार नाही. आपल्या एसटी स्थानकांवरच्या अशा खोल्यांना हिरकणी कक्ष म्हणतात, तेच नाव शोभेल. फळी बापांनाही वापरता यावी, म्हणून ती पडद्याच्या अलीकडे असावी.

तुम्हाला आठवत असेल, आपण आठवीत असताना आपल्या एक बाई मधल्या सुट्टीत लगबगीने घरी जायच्या आणि पाचव्या तासाला धापा टाकत परत यायच्या. कधी उशीर झाला की आपण खूश, कारण तास पाच मिनिटांनी कमी व्हायचा. त्यांचं बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बाई आज समोर बसल्या आहेत. त्यांनी तो तास कधी बुडवला नाही. आज शाळेत शिकवणाऱ्या तरुण बाईंना असं धावावं लागू नये, म्हणून ही खोली.

माझा वाटा मी आजच संयोजकांकडे देते आहे. सुताराशी नवरा बोलेल, फळीची उंची त्याला पाठ आहे.