झाशीच्या घरांतील लॅपटॉप
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या मनात झाशी हे गाव एकाच प्रसंगाने कोरलेले असते. पाठीशी बांधलेले मूल, हातात तलवार आणि तटावरून झेपावणारा घोडा. १८५८ च्या एप्रिलमधील त्या रात्रीनंतर झाशीचे काय झाले, हे मात्र इतिहासाच्या पुस्तकात येत नाही आणि परीक्षेतही विचारले जात नाही. आजच्या झाशीत मोठी रेल्वे कार्यशाळा आहे, भेलचा कारखाना आहे, १९७५ मध्ये स्थापन झालेले बुंदेलखंड विद्यापीठ आहे, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये आहेत. नारोशंकरांच्या आणि नेवाळकरांच्या काळात दक्षिणेतून येऊन स्थिरावलेल्या मराठी घराण्यांचे वंशजही आहेत. ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये गंगाधरराव आणि मणिकर्णिका यांचा विवाह झाला, ते मंदिरही उभे आहे. आजचा विषय या झाशीतील एका अगदी साध्या वस्तूचा आहे. घराच्या कोपऱ्यात, बहुधा एखाद्या भरतकाम केलेल्या रुमालाखाली झाकून ठेवलेला लॅपटॉप.

ही वस्तू तेथील घरांत एकदम शिरली, ती २०१३ साली. २०१२ च्या विधानसभा निवडणुकीत समाजवादी पक्षाने बारावी उत्तीर्ण झालेल्यांना लॅपटॉप आणि दहावी उत्तीर्ण झालेल्यांना टॅबलेट देण्याचे आश्वासन दिले होते. सत्ता आली, निविदा निघाली, आणि एचपी कंपनीकडून प्रत्येकी सुमारे १९ हजार रुपयांना सुमारे १५ लाख लॅपटॉप घेण्याचे ठरले. मार्च २०१३ मध्ये लखनौला वाटपाचा आरंभ झाला आणि मग जिल्ह्याजिल्ह्यांत मांडव पडले. दहावीच्या टॅबलेटचे आश्वासन मागे पडले ते पडलेच. तमिळनाडूने असे वाटप २०११ मध्येच सुरू केले होते, त्यामुळे कल्पना नवी नव्हती. नवा होता तो उत्तर प्रदेशाचा आकार. यंत्र सुरू केले की पडद्यावर मुख्यमंत्र्यांची आणि त्यांच्या वडिलांची छबी उमटत असे, सोबतच्या पिशवीवरही तीच. या छबीवर त्या वेळी पुष्कळ टीका झाली, आणि ती योग्यच होती. सार्वजनिक पैशाने दिलेल्या पाटीवर देणाऱ्याचे चित्र कशाला? पण टीका करणाऱ्यांच्या घरी बहुधा आधीपासून संगणक होता, हेही तितकेच खरे. ज्या घरात लिहिण्याचे पहिलेच मेज त्या यंत्रासाठी आणले गेले, त्या घराने छबीकडे फारसे लक्ष दिले नाही.

मग त्या यंत्राचे लोकांनी केले काय? अभ्यास, हे सरकारी उत्तर. वस्तुस्थिती थोडी निराळी आणि अधिक रंजक आहे. त्या वर्षी झाशीसारख्या शहरात इंटरनेट महाग होते आणि संथही. जिओचे स्वस्त डेटा पॅक येण्यास अजून ३ वर्षे होती. त्यामुळे पहिली काही वर्षे बहुतेक लॅपटॉप जगाशी जोडलेलेच नव्हते. त्यांत जे काही शिरले, ते पेनड्राइव्हमधून. उत्तरेतल्या प्रत्येक बाजारात त्या काळी मोबाइल रिचार्जच्या टपरीवर गाणी आणि चित्रपट भरून देण्याचा धंदा चाले; काही रुपयांत मेमरी कार्ड तुडुंब. लॅपटॉप ही त्या कार्डाची थोरली बहीण ठरली. संध्याकाळी घरातली मंडळी १४ इंची पडद्याभोवती कोंडाळे करून चित्रपट पाहत. शिवाय बॅटरी हा मोठा गुण. झाशीपासून फार दूर नसलेल्या परीछा येथे बेतवेकाठी मोठे औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि तरीही बुंदेलखंडातील घरे भारनियमनाच्या अंधारात बसत. अशा वेळी लॅपटॉपचा पडदा हा घरातला एकमेव उजेड असे. काहींनी यंत्र विकून टाकले. विक्रीच्या संकेतस्थळांवर सरकारी लॅपटॉप दिसू लागले, तशा वर्तमानपत्रांत बातम्याही आल्या. ज्यांनी विकले त्यांना दोष देणे सोपे आहे. घरात बहिणीचे लग्न किंवा महाविद्यालयाची फी समोर असता १९ हजारांच्या वस्तूकडे माणूस कसा पाहतो, हे त्या घरात बसल्याखेरीज कळत नाही.

अभ्यास नंतर आला, आणि तोही आडवाटेने. झाशीत लॅपटॉपचे खरे काम म्हणजे फॉर्म भरणे. शिष्यवृत्तीचा अर्ज, रहिवासाचा दाखला, रेल्वे भरतीचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल. सारे ऑनलाइन झाले आणि ज्याच्या घरी लॅपटॉप, ते घर गल्लीचे अर्धे जनसेवा केंद्र बनले. छायाचित्र २० ते ५० केबीत बसवायचे, सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करून तिचा फोटो कापायचा, संकेतस्थळ रात्री २ नंतरच उघडते म्हणून गजर लावून उठायचे. ही विद्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. पण उत्तर भारतातल्या एका अख्ख्या पिढीने संगणक शिकला तो याच शाळेत. त्यात मुलींचा वाटा ध्यानात घेण्यासारखा आहे. सायबर कॅफेत एकटीने जाऊन तास-दोन तास बसणे ज्या घरांत मान्य नव्हते, त्या घरांत लॅपटॉप आल्यावर मुलीला स्वतःचा अर्ज स्वतः भरता येऊ लागला. संकेतशब्द तिच्या हाती आला. ही गोष्ट दिसायला क्षुल्लक आहे. पण अर्ज दुसऱ्याने भरला की विषय, केंद्र आणि कधी कधी पुढचे सारे आयुष्यही दुसराच निवडतो.

खेळाबद्दल थोडक्यात. हे मेजर ध्यानचंदांचे गाव. येथे खेळ म्हणजे मैदान, आणि मैदान म्हणजे हिरोज. लॅपटॉपवरचा पत्त्यांचा सॉलिटेअर वडीलधाऱ्यांनी खेळावा आणि मोटारींच्या शर्यती नातवंडांनी, अशी वाटणी काही काळ टिकली. पुढे खेळ फोनवर गेला. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली, तेव्हा देशभरातल्या घरांत झालेली रडारड लॅपटॉपसाठी नव्हती.

आता मुद्द्याची गोष्ट, म्हणजे भाषेची. त्या सरकारी लॅपटॉपवर इंग्रजी, हिंदी आणि उर्दू अशा 3 भाषांची सोय होती. राज्याचा विचार करता ते रास्तच. झाशीतल्या मराठी घरातले मूल हिंदी माध्यमात किंवा इंग्रजी माध्यमात शिकते, बाजारात बुंदेली ऐकते आणि आजीशी मराठी बोलते. ते यंत्रापाशी बसले की मराठी कुठे जाते? मराठी यंत्रात नव्हती असे नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये दोन-तीन पायऱ्या उतरून गेले की ती सापडते. पण सापडण्यासाठी आधी शोधावी लागते, आणि शोधण्यासाठी ती तेथे असेल अशी अपेक्षा मनात असावी लागते. रोमन अक्षरांत ‘nahi’ असे लिहून देवनागरी मिळवणाऱ्या साधनात हिंदी निवडलेली असेल तर पडद्यावर ‘नहीं’ उमटते, मराठी निवडलेली असेल तर ‘नाही’. एका टिचकीचा फरक. रोज शंभरदा ‘नहीं’ उमटू लागले की मूल ‘नाही’ लिहिण्याचा नाद सोडते, आणि यात कुणाचाही दुष्ट हेतू नसतो.

येथे एक विस्मृतीत गेलेली कथा सांगण्याजोगी आहे. देवनागरी संगणकावर आणण्याचे पायाभूत काम झाले ते झाशीपासून काही तासांच्या अंतरावर, कानपूरच्या आयआयटीत, १९८० च्या दशकाच्या आरंभी. त्या कामातील एक प्रमुख नाव मोहन तांबे यांचे. पुढे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि कानपुरात उगवलेले जिस्ट तंत्रज्ञान तेथे वाढले. याच काळात, १९८६ मध्ये, इनस्क्रिप्ट नावाचा कळफलक ठरला. त्याची रचना मोठी समंजस आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. आणि एका ध्वनीसाठी सर्व भारतीय लिप्यांत एकच कळ. बंगालीचा ‘क’ जेथे, तेथेच गुरुमुखीचा, तेथेच देवनागरीचा. कळफलक साऱ्या देशासाठी आखल्यामुळे हिंदीला ज्याची गरज नाही असा ‘ळ’ त्यातून वगळला गेला नाही. इंग्रजी ‘एन’ च्या कळीवर ‘ल’ आहे, आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की ‘ळ’. तसाच ‘जे’ च्या कळीवर ‘र’, आणि शिफ्टसह तो ‘ऱ’, ज्यातून वऱ्हाडातला आणि सुऱ्यातला आडवा रफार निघतो. म्हणजे २०१३ साली झाशीत वाटलेल्या हिंदीच्या त्या यंत्रात, हिंदी कळफलकावरच, संपूर्ण मराठी बसलेली होती. कुणी कधी शिफ्ट दाबून पाहिली नाही, एवढेच.

अर्थात हेही पूर्ण सत्य नव्हे. उत्तरेतल्या कचेऱ्यांत आणि टंकलेखनाच्या वर्गांत इनस्क्रिप्ट नव्हे, तर रेमिंग्टन टंकयंत्राची सवय आणि क्रुतिदेव हा फॉन्ट रुजलेला होता. महाराष्ट्रात तेच स्थान श्रीलिपीसारख्या पॅकेजांना मिळाले. असा फॉन्ट नसलेल्या यंत्रावर धारिका उघडली की वाक्याऐवजी कंस, टिंबे आणि रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. पुण्याच्या काकांनी श्रीलिपीत पाठवलेली लग्नपत्रिका झाशीच्या क्रुतिदेवी यंत्रावर वाचता येऊ नये, याला काय म्हणावे? दोन्हीकडे देवनागरीच. युनिकोड आल्यावर ही अडचण मिटली. पण जुन्या धारिका तशाच पडून राहिल्या, आणि त्यांत किती स्मरणिका, किती वंशावळी अडकल्या असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. ज्यांच्या संगणकात अशा धारिका आहेत, त्यांनी तो फॉन्ट असलेले यंत्र हाताशी असेतो त्या युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेची जुनी वार्षिके गोळा करणाऱ्यांना ही अडचण समजावून सांगावी लागू नये.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि लॅपटॉपचा खरा पट उघडा पडला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१७-१८ च्या पाहणीनुसार देशातील ग्रामीण भागात ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, शहरी भागात २३.४ टक्के. वर्ग पडद्यावर गेले तेव्हा उरलेल्यांनी फोनवर भागवले, किंवा भागवले नाही. त्याच काळात पुणे, नोएडा, गुरगाव येथे संगणक क्षेत्रात नोकरी करणारी झाशीची मुले लॅपटॉप घेऊन घरी परतली आणि माळ्यावरच्या खोलीत बसून परदेशी ग्राहकांची कामे करू लागली. आणि त्याच मे महिन्यात, झाशीच्या सीमेवर रक्सा नाक्यापाशी, महाराष्ट्रातून निघालेले मजूर आपल्या मुलाबाळांसह उन्हात अडकून पडले होते. काम घरी नेता येणारे आणि काम गेल्यावर घरी निघालेले, असे दोन्ही लोंढे एकाच शहरात येऊन पोचले. पुढे, डिसेंबर २०२१ मध्ये, राज्याने पुन्हा वाटप सुरू केले. या वेळी टॅबलेट आणि स्मार्टफोन. पडदा मिळाला, कळफलक गेला. बघण्यासाठी टॅबलेट पुरतो. चार पानांचा निबंध मात्र त्यावर क्वचितच कुणी लिहितो.

अखेरीस पुन्हा १८५८ कडे वळावे लागते. वरसईचे वेदमूर्ती विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. शहर लुटले गेले तेव्हा वाड्यातील मोठा ग्रंथसंग्रहही नष्ट झाला, ती हळहळ त्यांनी लिहून ठेवली आहे. त्यांचे ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्यांनी भाषेवर संस्कार करून प्रसिद्ध केले; मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापली. म्हणजे गोडशांचे स्वतःचे शब्द वाचकांपर्यंत पोचायला कित्येक दशके लोटली. हिंदी वाचकांना ते अमृतलाल नागरांच्या अनुवादातून भेटले. झाशीचा हा डोळ्यांदेखतचा वृत्तान्त मराठीत आहे, याचे झाशीतल्या मराठी मुलाला काय वाटत असेल?

तेथील आणि इंदूरकडे गेलेल्या जुन्या घराण्यांच्या पेट्यांत मोडी कागद निघतात. सनदा, जमाखर्च, सोयरिकीची पत्रे. घरातले तरुण आता त्यांचे फोनवर फोटो काढतात आणि लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये ठेवतात. फोल्डरचे नाव बहुधा रोमन लिपीत असते. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली, म्हणजे तो मजकूर मोडीतच टंकित करणेही आता शक्य आहे. आणि मोडी शिकवणारे वर्ग महाराष्ट्राचे पुराभिलेख खाते घेत आले आहे. चित्रे फोल्डरमध्ये आहेत. वाचणारा मिळेपर्यंत पेटीतल्या मूळ कागदांना वाळवी लागू नये म्हणून आजी पेटीत कडुलिंबाचा पाला घालते, आणि लॅपटॉप पुन्हा रुमालाखाली झाकून ठेवते.