लांबट शहर आणि जमिनीचा धनी



शहर चहूकडून फुगते आणि शेत दूर लोटते. त्यावर तोड म्हणून स्पेनच्या आर्तुरो सोरिया यांनी १८८२ साली माद्रिदकरिता लांबट शहर सुचविले. मधोमध ४० मीटर रुंद रस्ता, त्यावर ट्राम. दोन्ही अंगांस घरे, घरोघरी परसबाग. मजुराला गाडीही जवळ आणि भाजीचा वाफाही! बेत सुमारे ५० किलोमीटरांचा. झाले अवघे ५. जमीन सक्तीने घेता येईना, धन्याशी सौदा करावा लागे. मला तर यातच त्या बेताची अब्रू दिसते.

सौदी अरबस्तानाने २०२१ साली १७० किलोमीटर लांब शहर जाहीर केले. मोटार नाही, धूर नाही. उत्तम! पण त्या मुलखात हुवैतात लोकांची गावे होती, ती उठविली. घर सोडणार नाही म्हणणारा अब्दुल रहीम अल्-हुवैती २०२० सालीच सरकारी शिपायांच्या गोळीने मेला.