आरोग्यमंडळांस द्रव्यसाहाय्य कोठून मिळेल?



दुष्काळांत अन्नाची हांक प्रथम ऐकूं येते. दूषित पाण्याचे रोग मागाहून, गुपचूप येतात. त्यांस तोंड देणारीं गांवोगांवचीं आरोग्यमंडळें द्रव्याभावीं खोळंबतात. परंतु द्रव्य मुळींच नाहीं असें नाहीं. 2013 च्या कंपनी कायद्याच्या 135 व्या कलमान्वयें मोठ्या कंपन्यांस मागील 3 वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे 2 टक्के लोककार्यास खर्चावे लागतात. क्षुधा, कुपोषण व आरोग्य हीं कार्यें त्याच्या सातव्या परिशिष्टांत अगदीं प्रारंभींच घातलीं आहेत. मात्र 1 एप्रिल 2021 पासून तें काम पत्करणाऱ्या संस्थेनें सीएसआर-1 हा अर्ज भरून नोंदणी-क्रमांक घेतलाच पाहिजे. (आम्हां वकिलांस अर्ज प्रिय, हा आक्षेप मला मान्य आहे.) नोंदलेला न्यास, तपासलेले हिशेब व 3 वर्षांचें काम यांवांचून तें दार बहुधा उघडत नाहीं.

याहून जवळचा म्हणजे 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें गांवच्या आरोग्य समितीस देऊं केलेला वार्षिक 10,000 रुपयांपर्यंतचा अबंधित निधि. आपल्या गांवीं तो आला काय, कशावर खर्चिला, हें ग्रामसभेंत अवश्य विचारावें.

ज्यांचीं कागदपत्रें अपुरीं असतील त्यांनीं तीं आमच्या चिटणीसांकडे धाडावीं. विनाशुल्क पाहून देण्याचें मी पत्करतों. तोंपर्यंत औषधें व क्लोरिन यांस आपल्या वर्गणीचाच आधार आहे.