मागची सीट अडकली तर

करमाळा हे तालुक्याचं गाव, पण रेल्वे तिथं जात नाही. पुण्याला किंवा सोलापूरला रेल्वेनं जायचं तर आधी जेऊर स्टेशन गाठावं लागतं. त्यामुळे आपल्याकडच्या डबल केबिन पिकअपला माणसं आणि माल ही दोन्ही कामं असतात. पाहुण्यांना स्टेशनवर सोडलं, गाडी परत फिरली, की मागच्या सीटची पाठ पुढं पाडायची आणि जे भिजू द्यायचं नाही ते तिच्यावर टाकायचं. बियाणं असेल, खताचं पोतं असेल, दुरुस्तीला न्यायची मोटर असेल. उजनी धरण १९८० साली पुरं झालं, फुगवट्याच्या काठानं ऊस आला, केळी आली, आणि त्या पिकांच्या मागोमाग ही वाहनंही दारोदार आली. २००५ साली आलेल्या छोटा हत्तीनं माल वाहण्याची सोय स्वस्त केली, पण घरची चार माणसं बसवायची तर डबल केबिनच लागते.

तर ही मागची सीट एक दिवस पडत नाही. किंवा पडलेली उठते, पण लॉक होत नाही. अशा वेळी आपल्याकडे उपाय ठरलेले आहेत. आधी हिसका, मग लाथ, मग टॉमी. टॉमीपर्यंत गोष्ट गेली की साध्या कामाचं महाग काम होतं.

आत काय असतं ते सांगतो. केबिनच्या मागच्या पत्र्यावर लोखंडी सळईची एक कडी बसवलेली असते. सीटच्या पाठीत लॉक असतं. त्या लॉकमध्ये फिरणारा एक आकडा असतो. सीट मागं ढकलली की आकडा कडीला धरतो आणि एक छोटी खीळ त्याला अडवून ठेवते. आपण पट्टा किंवा खटका ओढतो तेव्हा आकडा हलत नाही, फक्त ती खीळ बाजूला होते. गाडीच्या दारातलं लॉकही याच जातीचं. आता सीटच्या मागून काही तरी पाठीला पुढं रेटत असेल, तर तो सगळा दाब आकड्यावरून त्या खिळीवर येतो. दाबाखाली ती सरकत नाही. तुम्ही सीट पुढं ओढता तेव्हा हाच दाब वाढवता. म्हणजे जितकी ताकद लावाल तितकी ती अडकणार.

म्हणून पहिलं काम उलटं. एकानं सीटची पाठ दोन्ही तळव्यांनी मागं, पत्र्याकडं दाबून धरायची आणि दुसऱ्यानं त्याच वेळी पट्टा ओढायचा. दाब सुटला की खीळ सुटते. अडकलेल्या कितीतरी सीटा एवढ्यावरच मोकळ्या होतात आणि गॅरेजवाल्याचा चहासुद्धा वाचतो.

मग मागून रेटत काय होतं ते शोधा. पुष्कळदा तो जॅक असतो, नीट न बसवलेला. कधी घडी करून कोंबलेली ताडपत्री. आणि एक कारण खास आपल्याकडचं, ते म्हणजे सीट कव्हर. नवी गाडी आली की तिला जाड रेक्झिन चढवल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. कुशनवाला फोमचा एक थर जास्तीचा देतो, कव्हर मागं ताणून शिवतो आणि खटक्याची खाच झाकली जाते. कव्हराचं इलॅस्टिक लॉकच्या तोंडात जातं ते वेगळंच. गाडी बनवणाऱ्यानं मिलिमीटर मोजून जागा सोडलेली असते, आपण तिच्यात बोटभर फोम भरतो. कव्हर घालू नका असं मी म्हणत नाही, पण घालून झालं की कुशनवाल्याच्या समोरच सीट पाडून, उठवून बघा आणि मगच पैसे द्या.

पट्टा ओढताना हाताला काय लागतं, यावरूनही बरंच कळतं. कडक लागला, तर लॉक जाम आहे किंवा दाबाखाली आहे. सैल लागला, नुसताच हातात येतो आहे, तर आतली केबल सुटली किंवा तुटली. ही केबल म्हणजे मोटरसायकलच्या क्लचची असते तशीच, नळीतून सरकणारी तार. अर्नेस्ट बाउडन नावाच्या माणसानं १८९६ साली इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घेतलं आणि अजून ती तशीच चालते. केबल तुटली असेल तर तेल मारून काही होणार नाही. प्लॅस्टिकचं झाकण काढून लॉकवरची छोटी दांडी स्क्रूड्रायव्हरनं हलवली की सीट सुटते. झाकण काढताना पिवळ्या आवरणाची वायर दिसली, तर तिला हात लावू नका. ती एअरबॅगकडं किंवा बेल्टकडं जाणारी असू शकते.

जाम होण्याचं कारण बहुधा धूळ आणि गंज. त्यातही खत. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाच्याच घरातलं. फाटक्या पोत्यातून चिमूटभर सांडलं तरी दमट हवेत पाणी धरतं आणि लोखंड खातं. केळीचा चीक कपड्यावरून जात नाही हे सगळ्यांना माहीत आहे, लॉकमध्येही तो सुकून काळा, चिवट होतो. तेव्हा आधी ब्रशनं झाडा, हवेच्या पाइपानं फुंका, मग डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे मारून थोडं थांबा. हा स्प्रे मुळात १९५३ मध्ये अमेरिकेत पाणी हटवून गंज टाळण्यासाठी बनवला होता. तो सैल करतो, पण फार काळ टिकत नाही. म्हणून पुसून घेतल्यावर पांढऱ्या ग्रीसचं बोट फिरवायला हवं. गाडीतून काढलेलं जुनं इंजिन ऑइल तिथं ओतू नका. ते धूळ धरतं आणि पुढच्या हंगामाला तुम्ही पुन्हा तिथंच.

लॉक होत नाही म्हणून सीट तारेनं किंवा सुतळीनं बांधलेली गाडी रस्त्यावर सर्रास दिसते. इथं मात्र मी कडक बोलणार. ताशी ६० किलोमीटरनं जाणारी गाडी कशावर आदळून मीटरभर अंतरात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला थोपवायला तिच्या वजनाच्या सुमारे १४ पट जोर लागतो. सीटच्या मागचा ५ किलोचा जॅक म्हणजे ७० किलोचा रेटा, आणि तो थेट मुलांच्या पाठीवर. सुतळी त्याला काय थोपवणार? मागच्या सीटवरही बेल्ट लावणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि दंड १००० रुपये आहे. पण सीट उठवताना बेल्टची कुलपं तिच्याखाली दबतात, मग कोणी ती शोधत बसत नाही. सीट लॉक करण्याआधी ही कुलपं वर काढून ठेवा.

दुरुस्ती झाल्यावर सीट लगेच कडीवर आपटू नका. ती पुढं पडलेली असतानाच आकडा स्क्रूड्रायव्हरनं आत ढकला, टक असा आवाज येईल. पट्टा ओढा, आकडा उघडला पाहिजे. असं पुन्हापुन्हा करून पाहा. इथं अडलं तर निदान सीट मोकळी असताना अडलं. मग कडीवर लावा आणि पाठ धरून जोरात पुढं ओढून बघा.

लॉकच बदलायचं ठरलं तर डावं आणि उजवं वेगळं असतं, आरशात दिसल्यासारखं उलटं. भंगारातून आणणार असाल तर जुनं लॉक खिशात घालून न्या, मोबाइलमधल्या फोटोवर भरवसा ठेवू नका. आणि आणलेल्याची स्प्रिंग दुकानातच दाबून बघा.