सीडी-४ : रुग्णाच्या रक्तातील आणि प्रयोगशाळेतील



भारतातील एचआयव्हीच्या नोंदीचा आरंभ चेन्नईत, म्हणजे तेव्हाच्या मद्रासमध्ये झाला. मद्रास मेडिकल कॉलेजमधील सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या पदव्युत्तर विद्यार्थिनीने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे ऐंशीहून अधिक नमुने गोळा केले. ते ठेवण्याची पुरेशी सोय नसल्याने निर्मला यांच्या घरच्या शीतकपाटाचा आश्रय घ्यावा लागला. १९८६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासणी झाली आणि सहा नमुने दूषित निघाले. हा रोग परदेशातला, आपल्याकडे येणार नाही, या समजुतीला त्या दिवशी तडा गेला. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे. चेन्नईत स्थायिक झालेल्या एका मराठी व्यापारी कुटुंबातील. १९९३ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या एड्स संशोधन व शिक्षण केंद्राला वाय. आर. गायतोंडे हेच नाव आहे.

हा विषाणू शरीरातील नेमक्या कोणत्या पेशींना ग्रासतो, याचे उत्तर १९८४ मध्ये लंडन व पॅरिस येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दिले. रोगप्रतिकाराचे संचालन करणाऱ्या साहाय्यक टी-पेशींच्या पृष्ठभागावर सीडी-४ नावाचे ग्राही प्रथिन, म्हणजेच रिसेप्टर असते. त्याचे चार भाग मण्यांसारखे एकापुढे एक पेशीबाहेर आलेले असतात. विषाणूच्या आवरणावरील जीपी-१२० हे प्रथिन त्यांतील सर्वांत बाहेरच्या भागाला घट्ट चिकटते. ज्या ग्राहीच्या आधारे शरीर शत्रू ओळखते, तोच शत्रूचा दरवाजा ठरतो.

सीडी-४ चे जनुक १९८५ मध्ये वेगळे करण्यात आले आणि एक आकर्षक कल्पना पुढे आली. या प्रथिनाचा पेशीपटलात रुतलेला भाग गाळून केवळ बाहेरचा भाग तयार केला तर तो द्रवात विरघळेल. रक्तात सोडल्यास विषाणू खऱ्या पेशीऐवजी या तोतयाला चिकटेल. त्यासाठी मानवी जनुकाचा हवा तेवढा तुकडा डीएनएच्या वाहक वलयात बसवून चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातील पेशींत सोडण्यात आला. त्या पेशी मानवी प्रथिन घडवून पोषक द्रवात सोडतात. तेथून ते गाळून शुद्ध केले जाते. अशा प्रथिनास पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. जीवाणूंकडूनही प्रथिने करवून घेता येतात. परंतु ग्राहीची घडी बरोबर पडणे आणि त्यावर शर्करेच्या साखळ्या जडणे यासाठी सस्तन प्राण्यांच्या पेशी अधिक भरवशाच्या असतात.

परीक्षानळीत या तोतयाने विषाणूला सहज रोखले. रुग्णांवरील चाचण्यांत मात्र निराशा पदरी पडली. कारण १९९० मध्ये उघड झाले. प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढविलेले विषाणू सौम्य मात्रेने निष्प्रभ होत. रुग्णांच्या रक्तातून नुकत्याच मिळविलेल्या विषाणूंसाठी २०० ते २,७०० पट अधिक प्रथिन लागे. प्रयोगशाळेत लाडावलेल्या विषाणूवरून रुग्णाच्या विषाणूबद्दल अनुमान काढण्यात केवढा धोका आहे, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

औषध म्हणून मागे पडलेले हे प्रथिन संशोधनाचे साधन म्हणून मात्र टिकले. १९९८ मध्ये जीपी-१२० ची त्रिमितीय रचना उलगडली ती सीडी-४ चे दोन भाग आणि एक प्रतिपिंड जोडून केलेल्या स्फटिकातून. लसीसाठी तयार केलेले आवरण-प्रथिन योग्य घडीचे आहे का, हे पाहण्यासाठीही ते सीडी-४ ला चिकटते का, हे तपासतात. अशा कुप्यांवर ‘केवळ संशोधनासाठी’ असे लिहिलेले असते. ही सूचना औपचारिक नव्हे. अशा प्रथिनाची मानवी वापरासाठीची सुरक्षितता तपासलेली नसते. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले इबालिझुमॅब हे औषध वेगळ्या मार्गाने गेले. ते विषाणूला चकवीत नाही, खुद्द ग्राहीलाच चिकटून विषाणूचा प्रवेश अडविते.

रुग्णाच्या अहवालातील ‘सीडी-४ संख्या’ ही या प्रथिनाची मोजणी नव्हे. ते प्रथिन धारण करणाऱ्या पेशींची, रक्ताच्या एका घनमिलिमीटरमधील संख्या होय. उत्तरपत्रिकेत हा फरक हमखास पुसला जातो. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने मोफत विषाणूरोधक उपचार सुरू केले, तेव्हाच्या पहिल्या मोजक्या केंद्रांत चेन्नईजवळील तांबरमचे शासकीय वक्षरोग रुग्णालय होते. त्या काळी बहुतेकांना ही संख्या २०० च्या खाली उतरेपर्यंत औषधासाठी थांबावे लागे. पुढे ही मर्यादा ३५० आणि नंतर ५०० पर्यंत वाढविण्यात आली. २०१७ मध्ये ती अट काढून टाकण्यात आली आणि निदान होताच उपचार मिळू लागले.